रेव्हरंड कॅनन यांची चाकं

बर्रेल कॅनन यांच्याविषयीचं माझं मत अलीकडे पार बदललं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेत टेक्सस राज्याच्या पूर्व भागात पिट्सबर्ग नावाचं लहानसं गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनन तिथे होते. ते बॅप्टिस्ट पंथाचे उपदेशक, आरागिरणी चालवणारे आणि यंत्रकामातले पक्के मिस्त्री. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याचा दृष्टान्त वाचून त्यांनी एक उडतं यंत्र बांधलं, आणि राइट बंधूंच्या वर्षभर आधी, १९०२ मध्ये ते जमिनीवरून उचललं गेलं, असं तिथले लोक आजही अभिमानाने सांगतात.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर शाखेचा निदेशक होतो. सुट्टीच्या दिवशी गावोगावी विज्ञानावर व्याख्यानं देत असे, आजही देतो. ‘आमच्या ग्रंथांत विमानं होती’ या दाव्यांचा समाचार घेताना कॅनन माझ्या फार उपयोगी पडत. आधी वैमानिक शास्त्र, मग चौपाटीवरच्या विमानाची कथा, आणि शेवटी ‘हा नाद फक्त आपल्याला नाही बरं का’ म्हणून टेक्ससचे हे पाळक. श्रोते हसायचे, मी पुढच्या मुद्द्याकडे वळायचो. दोन मिनिटांत एका माणसाचं अख्खं आयुष्य आटोपायचं.

आता तसं बोलवत नाही. त्यांचं यंत्र उडालं हे मला पटलं म्हणून नव्हे. त्याबद्दलचं माझं म्हणणं होतं तिथेच आहे. पण तेवढा एकच प्रश्न विचारून या माणसाला निकालात काढणं मला आता न्यायाचं वाटत नाही.

कॅनन १८४८ साली मिसिसिपी राज्यातल्या कॉफीव्हिल या गावी जन्मले. अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. विमानाच्या खटपटीला हात घातला तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. बॅप्टिस्ट मंडळ्यांवर बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. एखाद्याला उपदेशाचं पाचारण झालं आहे हे मंडळीला पटलं, की तीच त्याच्यावर हात ठेवून त्याला दीक्षा देते. दक्षिणेतल्या खेड्यांत अशा पाळकाला पगार जेमतेम मिळायचा, पुष्कळदा मिळायचाच नाही. म्हणून सोमवार ते शनिवार त्याने शेती करावी, दुकान चालवावं, लोहारकाम करावं, आणि रविवारी वचन सांगावं, ही रीतच होती. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत असे, हा त्याला आधार. श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम कॅरीही बॅप्टिस्टच, आणि मूळचे जोडे शिवणारे. खरं तर मला हे परकं वाटायचं काही कारण नव्हतं. गोरोबा चिखल तुडवत होते, सावता माळी मळा शिंपत होते, नरहरी सोनाराच्या हातात हातोडी होती. त्यांच्या हातांकडे बघून त्यांच्या भक्तीवर कुणी शंका घेत नाही, आणि त्यांची भक्ती बघून त्यांच्या हुन्नरावरही नाही. कॅनन यांच्या बाबतीत मात्र ‘पाळक’ हा शब्द ऐकला, की पुढचा ‘मिस्त्री’ माझ्या कानांत शिरतच नसे.

आरागिरणी म्हणजे काय हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना त्या दुसऱ्या शब्दाचं वजन कळेल. पूर्व टेक्सस हा पाइनच्या जंगलांचा मुलूख. त्या काळची गिरणी वाफेवर चालायची. बाष्पकातला दाब सतत डोळ्यांखाली ठेवायचा, पट्टा सैल पडला की घसरतो आणि फार ताणला की बेअरिंग तापतं, शाफ्ट सरळ रेषेत नसला की सगळी गिरणी थरथरते. गोल करवतीचं पातं चालता चालता तापतं, कडेला ढिलं पडतं आणि डगमगायला लागतं. मग ते उतरवून ऐरणीवर घ्यायचं आणि हातोडीने ठोकत ठोकत पुन्हा ताणात आणायचं. कुठे ठोकायचं हे पट्टी लावून, उजेडाच्या फटीवरून ओळखायचं. हे काम पुस्तकातून येत नाही. इथल्या चुकीची शिक्षा बोटांना आणि कधी कधी जिवाला होते. अशा ठिकाणी वर्षं काढलेला माणूस स्वप्नाळू असू शकतो; यंत्राविषयी अडाणी मात्र नसतो.

हा माणूस यहेज्केलाचा पहिला अध्याय वाचतो. इसवी सनापूर्वी ५९३ च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमहून धरून नेलेल्या लोकांबरोबर यहेज्केल बाबेलच्या देशात, खबार नदीच्या काठी आहे. उत्तरेकडून वादळ येतं, त्यात आग, आगीत चार प्राणी, प्रत्येकाला चार तोंडं आणि चार पंख. प्रत्येकाशेजारी एक चाक, त्या चाकात दुसरं चाक, धावांवर डोळेच डोळे. ती चाकं न वळता चारही दिशांना जातात, प्राणी वर उचलले की तीही उचलली जातात. आणि या सगळ्यावर एक सिंहासन. बायबलचे अभ्यासक या चाकांचा एक फार सुंदर अर्थ लावतात: हद्दपार झालेल्या लोकांना वाटत होतं की आपला देव मंदिरात, यरुशलेमात मागे राहिला, संदेष्ट्याला दिसलं की सिंहासनाला चाकं आहेत, ते या परक्या नदीकाठीसुद्धा येतं. मला स्वतःला हाच अर्थ पटतो. या अध्यायात विमानाचा आराखडा नाही. दहाव्या अध्यायात ही चाकं पुन्हा येतात, तिथेही नाही.

कॅनन यांना मात्र तिथे एक यंत्र दिसलं. आणि पुढे त्यांनी जे केलं त्याकडे मी इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. ‘प्राचीनांना सगळं माहीत होतं’ असं पुस्तक लिहून ते थांबले नाहीत. त्यांनी गावातल्या लोकांना गोळा करून १९०१ मध्ये यहेज्केलाच्याच नावाने कंपनी काढली, २५ डॉलरांचा एक असे समभाग विकून २०,००० डॉलरांचं भांडवल उभं करायचं ठरवलं, आणि गावातल्याच थॉर्सेल यांच्या ओतशाळेत आणि यंत्रशाळेत काम सुरू केलं. पैसे घालणाऱ्याला आपल्या पैशाचं काय होतंय हे जाता येता बघता येत होतं. साचे, ओतकाम, लेथवरचं काम, सगळं गावाच्या डोळ्यांसमोर. कापडाने मढवलेले मोठे पंख, खाली यंत्राची चौकट, पेट्रोलवर चालणारं इंजिन, आणि त्या इंजिनाने फिरणारे वल्ह्यांच्या चाकांचे चार संच. जुन्या छायाचित्रात हे यंत्र उभं दिसतं. त्यावरून १९८० च्या दशकात गावकऱ्यांनी पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली. ती गावातल्या वारसा संग्रहालयात आहे.

माझं मत बदलायला सुरुवात झाली ती वर्गात. हीच गोष्ट मी नेहमीच्या थाटात सांगत होतो. फिटर शाखेतली एक मुलगी, अमरावतीकडची, फारशी न बोलणारी, म्हणाली, “सर, उडालं नाही ते समजलं. पण ती चाकं चालायची कशी?”

मी फळ्याकडे वळलो आणि लक्षात आलं की हा विचार मी कधी केलाच नव्हता. मग आम्ही सगळेच करायला बसलो. आगबोटीच्या बाजूला असतं तसं वल्ह्यांचं चाक घ्या. त्याची खालची वल्ही पाण्यात असतात, वरची हवेत. पाणी जड, हवा हलकी. म्हणून खालची वल्ही बोट ढकलतात आणि वरची नुसती फिरून येतात. आता हेच चाक अख्खं हवेत न्या. एका बाजूची वल्ही खाली येताना हवा खाली दाबतील, पण दुसऱ्या बाजूची वर जाताना तेवढीच हवा वर ढकलतील. बेरीज शून्य. यंत्र थरथरेल, जागचं हलणार नाही. त्यातून वाट एकच: खाली येताना वल्हं आडवं, सपाट असलं पाहिजे, आणि वर जाताना त्याने कूस बदलून हवेला फक्त धार दाखवली पाहिजे, नावाडी परतीच्या वेळी वल्हं आडवं काढून घेतो तसं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक वल्ह्याने, आपसूक.

हे आपसूक कसं घडवायचं? एकोणिसाव्या शतकातल्या आगबोटी बांधणाऱ्यांनी ते सोडवलं होतं. वल्हं पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना फटका मारू नये म्हणून ते कोन बदलत राहावं असं त्यांना हवं होतं. त्यासाठी मोठ्या चाकाच्या मध्यापासून जरा बाजूला सरकवलेल्या केंद्रावर दुसरं चाक बसवायचं आणि त्याच्यापासून प्रत्येक वल्ह्याला एक दांडी जोडायची. दोन्ही चाकं बरोबर फिरतात, पण केंद्रं वेगळी असल्यामुळे दांड्या वल्ह्यांना फेऱ्याच्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनात धरतात. थोडक्यात, चाकात चाक. आरागिरणी चालवणाऱ्या आणि वाफेच्या यंत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाने तो अध्याय वाचला, तर त्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहील, हे मला त्या दिवशी फळ्यावर दिसलं. बायबलने त्यांना आराखडा दिला नव्हता. आराखड्याची सामग्री त्यांच्या हातांत आधीपासून होती. त्या अध्यायाने तिला नवी जागा सुचवली.

मुलांनी पत्र्याची पाती आणि भंगारातल्या बेअरिंगा घेऊन हातभर व्यासाचं तसं चाक केलं. ड्रिलच्या मोटरवर लावून दोघांनी चौकट धरली. ओढ जाणवली. चौकट उचलली जाण्याइतकी अजिबात नव्हती, पण होती, आणि केंद्र दुसऱ्या बाजूला सरकवलं की ओढीची दिशा बदलत होती. न वळता चारही दिशांना. त्या दुपारनंतर कॅनन यांच्यावर हशा मिळवणं मला जमलं नाही.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की ही कल्पना पुष्कळ पुढे गेली आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट श्नायडर यांनी बोटींसाठी असाच कोन बदलत फिरणारा उभ्या पात्यांचा पंखा तयार केला. बंदरांत मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या अनेक टगबोटी आज त्यावर चालतात, कारण त्यामुळे बोट जागच्या जागी कुठल्याही दिशेला ढकलता येते. १९३० च्या दशकात अमेरिकेत विमानासाठी असल्या चाकांची वातबोगद्यात चाचणी झाली. विमानाच्या बाबतीत ते फळाला आलं नाही, कारण फिरत्या पंख्याने तेच काम सोप्या रचनेत होतं. पण विचार वेडगळ नव्हता.

यहेज्केलाच्या चाकांनी आणखी एका यंत्रज्ञाला झपाटलं होतं. योसेफ ब्लुमरिख हे नासात काम केलेले अभियंते. त्या अध्यायात अंतराळयानाचं वर्णन आहे या एरिक फॉन डॅनिकेन यांच्या दाव्याचं खंडन करायला ते बसले, आणि स्वतःच त्या दाव्याच्या बाजूने पुस्तक लिहून मोकळे झाले. तो निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. पण त्याच अभ्यासातून त्यांनी न वळता कुठल्याही दिशेला जाणारं चाक आखलं आणि १९७४ मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळवलं. ते चाक चालतं. ग्रंथात यंत्र ‘सापडलं’ असं म्हणणं चुकीचं असूनही त्या ग्रंथापाशी बसलेल्या कुशल माणसाच्या हातून खरं यंत्र घडू शकतं. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, हे मला आधी मान्य नव्हतं.

आता त्या प्रसिद्ध रविवाराविषयी. १९०२ च्या अखेरीची गोष्ट. कॅनन उपदेशाला बाहेरगावी गेलेले. यंत्रशाळेतल्या कामगारांनी यंत्र जवळच्या कुरणात नेलं, गस स्टॅम्प्स नावाचा कामगार त्यात चढला, इंजिन सुरू केलं. यंत्राने पुढे झेप घेतली, दहाबारा फूट वर उचललं गेलं, कुंपणाच्या दिशेने वाहत गेलं आणि थरथरायला लागलं, म्हणून त्याने इंजिन बंद केलं. असं सांगतात. त्या दिवशीचं छायाचित्र नाही. या आठवणी लोकांनी फार नंतर सांगितल्या.

मी हे कसं वाचतो ते स्पष्ट सांगतो. हवेत उचलण्याइतका जोर त्या चाकांतून निघाला असेल असं मला वाटत नाही. आमच्या पत्र्याच्या चाकाने तर माझी शंका वाढवलीच. एखादा उसळीचा क्षण आला असेल. पण उसळी म्हणजे उड्डाण नव्हे. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉक इथे राइट बंधूंचं यंत्र पहिल्या खेपेला १२ सेकंद आणि १२० फूटच गेलं. त्याच दिवशी चौथ्या खेपेला ५९ सेकंद आणि ८५२ फूट गेलं. या दोन आकड्यांमधल्या अंतरात त्यांचं सगळं श्रेय आहे: यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. डावीउजवीकडे कलणं, नाक वरखाली होणं, वळणं, या तिन्हींवर हात बसवल्याशिवाय उडता येत नाही, हे त्यांनी ग्लायडरवर वर्षानुवर्षं शिकून घेतलं होतं. ज्या सॅम्युअल लँगली यांना अमेरिकी युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले, त्यांचं यंत्र त्याच वर्षी ऑक्टोबरात आणि डिसेंबरात दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं. पहिलेपणाचा मान टेक्ससला द्यावा असं मी म्हणणार नाही. १९७६ मध्ये गावात लावलेल्या राज्याच्या इतिहासफलकावर यंत्र थोडा वेळ हवेत होतं असं लिहिलंय; तो फलक मी लिहिला असता तर तसं लिहिलं नसतं.

मात्र त्या रविवाराकडे मी आता वेगळ्या बाजूने पाहतो. आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोठं यंत्र तयार होतं आणि तो माणूस कुठल्यातरी लहान मंडळीपुढे वचन सांगायला गेला होता. राइट बंधूही रविवारी उड्डाण करत नसत. त्यांचे वडील मिल्टन राइट हे बिशप होते. विमानविद्येच्या आरंभी उभी असलेली ही माणसं श्रद्धा बाजूला ठेवून यंत्राकडे आलेली नव्हती. मी माझ्या व्याख्यानांत श्रद्धा आणि यंत्रविद्या यांच्यामध्ये जी भिंत उभी करत असे, ती या माणसांच्या आयुष्यात मला कुठे आढळत नाही. भिंत आहे, पण दुसरीकडे: आपली कल्पना लोखंडात उतरवून सगळ्यांसमोर कसोटीला लावणारा एकीकडे, आणि ती भूतकाळात ठेवून कसोटीतून सुटणारा दुसरीकडे.

ही कसोटी कॅनन यांच्या वाट्याला दोनदा आली. १९०४ मध्ये सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिकडे नेण्यासाठी यंत्र रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढवलं, आणि टेक्सरकानाजवळ वादळाने ते उडवून मोडून टाकलं. हे यंत्र उडावं अशी देवाची इच्छाच नव्हती, आपण आता यातून बाहेर, अशा अर्थाचं काही कॅनन बोलल्याचं सांगतात. पूर्वी हे वाक्य मी पळवाट म्हणून सांगायचो. आता त्यात मला एका थकलेल्या माणसाचा हिशेब ऐकू येतो: समभागवाल्यांचे पैसे गेले, वर्षांचं काम गेलं, आणि साठी जवळ आली. खोटं बोलायचं असतं तर ‘उडालं होतं, पण वादळाने नेलं’ म्हणून पुढे आयुष्यभर व्याख्यानं देता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. पुढे १९१३ मध्ये दुसरं यंत्र उभं केलं, म्हणजे तो देवाच्या इच्छेचा निवाडा त्यांनी स्वतःच पुन्हा तपासायला घेतला. तेही कोसळलं. मग मात्र सोडलं.

आता आपल्याकडे येतो, कारण माझं मत बदललं ते फक्त टेक्ससपुरतं नाही. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे, जन्म १८६४, सर ज. जी. कलाशाळेशी संबंध असलेले गृहस्थ. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर मानवरहित विमान उडवलं ही कथा गेली काही दशकं फार पसरली. तिच्यावर २०१५ मध्ये हिंदी चित्रपटही आला. त्या उड्डाणाचा पुरावा मला पटणारा नाही, आणि यात मी कणभरही हललेलो नाही. वैमानिक शास्त्राचा निकाल तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच लावला: ते पुस्तक प्राचीन नाही, १९०४ च्या आधीचं तर नाहीच, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. पण त्याच लेखात एक नोंद आहे, जिच्यावरून मी अनेकदा नुसता पुढे गेलो होतो. ते पुस्तक सांगणारे सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या तळपद्यांनी प्रतिरूपं बांधून पाहिली, एकही उडालं नाही, अशी माहिती त्या अभ्यासकांना शास्त्रींच्या बाजूच्या माणसाकडूनच मिळाली.

हे वाचून मला तळपद्यांविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला. ज्यांनी त्यांना जगातले पहिले वैमानिक ठरवलं त्यांनी त्यांच्याकडून ही नोंद हिरावून घेतली, आणि ज्यांनी (मी त्यांत होतो) त्यांना भाकडकथेतलं पात्र ठरवलं त्यांनीही. मधला खरा माणूस, ग्रंथातलं वर्णन घेऊन बांबू, कापड, तारा जे काय मिळेल त्याने बांधून पाहणारा आणि ‘उडत नाही’ हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा, तो दोघांनाही नको होता. गुलामीतल्या देशातला एक माणूस आपल्या पूर्वजांच्या शब्दावर भरवसा ठेवून तो शब्द प्रत्यक्ष तपासतो, यात मला आता शरमेचं काही दिसत नाही. शरम ती तपासणी लपवण्यात आहे. तळपदे १९१६ मध्ये गेले. त्यांनी काय बांधलं याचं एखादं चित्र जरी नीट उरलं असतं, तरी मी ते वर्गातल्या भिंतीवर लावलं असतं.

कॅनन यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग सगळ्यात कमी सांगितला जातो आणि मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससमध्ये कापसाच्या बोंडात अंडी घालणारा एक भुंगेरा शिरला होता, आणि पुढच्या तीस वर्षांत त्याने दक्षिणेतली कापसाची शेती पोखरून काढली. कॅनन १९२२ मध्ये वारले, तेव्हा ते दोन यंत्रांच्या मागे होते: एक तो भुंगेरा मारण्याचं, दुसरं कापूस वेचण्याचं. या यंत्रांना कुठल्या दृष्टान्ताचा आधार नव्हता. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या मंडळ्यांतली माणसं शेतात जे भोगत होती तेच त्यांच्या टेबलावर होतं.

वेचणीचं यंत्र किती अवघड असतं हे विदर्भात, मराठवाड्यात वाकून कापूस वेचणाऱ्या बाया बघितलेल्या माणसाला सांगायला नको. बोंडं एकदम उमलत नाहीत. उमललेलं घ्यायचं, कच्चं सोडायचं, पालापाचोळा लागू द्यायचा नाही. कॅनन यांचं यंत्र पुरं झालं नाही. टेक्ससमध्येच जन्मलेल्या, लहानपणी कापूस वेचलेल्या जॉन रस्ट यांनी भावाबरोबर ओल्या चात्यांवर कापूस गुंडाळून घेणारं यंत्र बनवलं आणि १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या स्टोनव्हिल इथे ते चालवून दाखवलं. यंत्र चाललं तर वेचणाऱ्या मजुरांचं काय होणार, याची चिंता रस्ट बंधूंनी तेव्हाच बोलून दाखवली होती. आपल्याकडे कापूस आजही बहुतेक हातानेच वेचला जातो.

व्याख्यानात आता मी कॅनन यांची गोष्ट या टोकाकडून सुरू करतो. आधी वेचणीचं यंत्र, मग आरागिरणी, मग बॅप्टिस्ट मंडळी आणि रविवारचा उपदेश, आणि विमान सर्वांत शेवटी, फळ्यावर चाकात चाक काढून. ते उडालं का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणतो, आणि का नाही ते खडू हातात घेऊन समजावतो. त्या मुलीने विचारलेला प्रश्न कुणी विचारला, तर तासाची वेळ संपली तरी थांबत नाही.